सभेचं पाणी

१५ जानेवारी १९४४

सभा आपल्याला मिळाली! हे नगरहून आले ते असं म्हणतच दारात शिरले. जिल्ह्यातल्या सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांची वार्षिक सभा यंदा आमच्या गावात — मार्चमध्ये, तीन दिवस. घोडेगावच्या पलीकडच्या या कोपऱ्यात कधी कोणी पाहुणा म्हणून येत नाही, आणि आता शेकडो माणसं येणार. यांना हातपाय धुवायचंही भान नव्हतं.

मी विचारलं, एवढ्यांना पाणी कुठून पाजणार?

हे जेवायला बसले.

१८ जानेवारी

आमच्या वस्तीत विहीर नाही. गावविहिरीच्या पायऱ्यांखाली घागर ठेवून बसायचं. वरून कोणी ओतलं तर पाणी. आजेसासऱ्यांनी धर्म बदलला, पण गावाच्या लेखी आम्ही तेच.

शाळेत मी पोरींना सांगते, देवापुढे सगळी माणसं सारखी. त्याच पोरी संध्याकाळी माझ्या शेजारी घागर घेऊन बसतात. त्या माझ्याकडे बघत नाहीत. मीही बघत नाही.

३ फेब्रुवारी

हे काकासाहेब पाटलांकडे गेले होते. ओसरीखाली उभं राहूनच बोलणं झालं. पाटील हो म्हणाले! सभेला प्रांतसाहेब येणार, म्हणजे रस्त्यावर मुरूम पडणार. वाण्याचा माल खपेल, कुंभाराच्या घागरी जातील, गाडीवाल्यांना भाडं मिळेल. सभा असेपर्यंत विहीर सगळ्यांना मोकळी.

"रेबेका, एकदा भरू दिलं की परत नको म्हणायला त्यांना तोंड राहणार नाही," हे म्हणाले.

पाटलांना तोंड कमी पडलेलं मी अजून पाहिलं नाही. पण यांचा चेहरा बघितला आणि पानं वाढली.

२७ फेब्रुवारी

गाव ओळखू येत नाही. रस्ता झाला, मंडपाचे खांब उभे राहिले. रॉकेल-साखरेच्या परवान्यासाठी यांच्या नेवाशाला खेपा चालूच. लढाईमुळे सगळ्याचीच टंचाई. सहादेव वाणी आमच्या हातात कधी काही देत नसे, लांबून टाकायचा. काल यांना म्हणाला, "या मास्तर, बसा." हे बसले! घरी येऊन दोनदा सांगितलं.

९ मार्च

सभा सुरू झाली. आज मी पायऱ्या चढले.

लग्न होऊन आल्यापासून हेच पाणी पिते, पण विहीर आतून कशी आहे ते ठाऊक नव्हतं. एका बाजूला उंबर फुटलाय, पारव्यांची घरटी आहेत. पोहरा ओढताना हात सोलले. शेजारी दगडाबाई भरत होती — पाटलांच्या घरचं पाणी तीच भरते. आजवर आमच्या घागरीतही बहुतेक वेळा तिनेच ओतलंय. आज नुसती म्हणाली, "दोर ढिला सोड, न्हाईतर हात जातील."

१० मार्च

घरात बायाच बाया. पाय ठेवायला जागा नाही. राहुरीकडच्या कृपाबाईने चूल ताब्यात घेतलीय. विधवा बाई, गवंड्यांच्या हाताखाली काम करते, आवाज गाडीवानासारखा.

दुपारी यांनी पाण्याचा ठराव मांडला. ही विहीर कायमची खुली व्हावी अशी सरकारला नम्र विनंती. एकमताने मंजूर, भरपूर टाळ्या. मी चुलीपाशी येऊन सांगितलं तर कृपाबाई म्हणाली, "आनि ह्यो ठराव कशात भरून आनायचा?"

आम्ही सगळ्या खूप हसलो. हे मात्र रात्रभर आनंदात.

१२ मार्च

सगळे गेले. मंडप सुटला. अंगणात खरकट्या पत्रावळी आणि कावळे.

१३ मार्च

गावाने पहाटेच विहीर धुतली. गोमूत्र शिंपडलं. हे घागर घेऊन वर चढायला गेले, तर पाटलांच्या माणसांनी घागर हातातून काढून घेतली आणि दगडावर फोडली. मारलं नाही. पाटील तिथेच उभे होते. "सभा संपली, मास्तर," म्हणाले. अगदी शांतपणे. सहादेव वाणीही होता. तो खाली बघत होता.

हे तसेच शाळेत गेले आणि मुलांना गणितं घातली.

२१ मार्च

आता वरून ओतणंही बंद. मास्तर चढायला गेला त्याची सगळ्या वस्तीला शिक्षा. दगडाबाईला ताकीद आहे, ती आमच्याकडे बघतसुद्धा नाही. कोसभर लांब नदीत झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरायचं. पोरी शाळेत येत नाहीत. त्या आल्या तर पाणी कोण आणणार?

८ एप्रिल

हे नगरला जाऊन आले. ठराव वर पाठवलाय म्हणे. पुढच्या सभेत त्याचा अहवाल येईल. पुढची सभा दुसऱ्या गावी.

चहा नको म्हणाले. रात्रीची प्रार्थना मलाच म्हणायला लावली.

२६ एप्रिल

वस्तीतल्या योहानची पोरगी मार्था गेली. झिऱ्याचं गढूळ पाणी, हगवण लागली, दोन दिवसांत संपलं. शाळेत दाराशी बसायची, वाचताना ओळीवर बोट ठेवायची. पुरताना यांच्याने शास्त्र वाचवेना. योहानने यांच्या हातून पुस्तक घेतलं, मिटलं, आणि परत दिलं. त्याला स्वतःला वाचता येत नाही.

२ मे

योहान बायकोला घेऊन केडगावला गेला, तिच्या भावाकडे. आणखी दोन घरं त्यांच्या मागून.

गावातल्या रस्त्यावरचा मुरूम अजून नवा दिसतो.

१४ मे

शाळेत आज एकही मूल नव्हतं. हे घंटा देऊन थांबले, मग कुलूप लावून परत आले. उद्या आम्हीही निघतोय. नगरला सावेडीत यांचा चुलतभाऊ आहे. सामान बांधून झालं. बांधता बांधता हे म्हणाले, "सभा मी आणली."

पूर्वी मी म्हटलं असतं, मी सांगत होते. आता काय बोलणार! सभेने कोणाचं काही होत नाही. माणसं येतात, गातात, जेवतात, जातात.

१५ मे

पहाटे बैलांचे आवाज. आमची गाडी लवकर आली असं वाटलं. पण गाड्यांची रांग होती. पुढच्या गाडीत कृपाबाई. मागे सभेच्या वेळी आमच्या घरात झोपलेल्या बाया, त्यांचे नवरे, दीर — पहारी, कुदळी, पाट्या, दोर, पिठाचे डबे. योहानही होता. मार्थाचं त्यानेच गावोगाव जाऊन सांगितलं. चर्चमागच्या पडीक जागेत त्यांनी विहिरीची खूण केली आणि खणायला लागले. खाली काळा खडक आहे. पाणी लागेल की नाही, कोणालाच ठाऊक नाही.

हे खड्ड्यात उतरलेत. मी गाठोडं सोडून तवा काढला. एवढ्या माणसांच्या भाकरी करायच्या आहेत.