रांजणाखालचा बेडूक

आई, आज सातवीला शीतनिद्रा शिकवली. पुस्तकात बर्फातल्या अस्वलाचं चित्र आहे. आपल्या बुलडाण्याच्या पोरांना बर्फ म्हणजे गोळेवाल्याचा, म्हणून मी अस्वल सोडलं आणि बेडकावर आले. थंडी पडली, किडे संपले की तो मातीत शिरतो, श्वास मंद, काळीज मंद, अंगातल्या चरबीवर दिवस काढतो. नीट चाललं होतं. मग धाड गावाहून एसटीनं येणारी एक पोरगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, निजलं का मेलं, हे कसं समजते?" मी म्हणाले, वाट बघायची. आणि पाठ फिरवून फळा पुसत राहिले. फळ्यावर काहीच नव्हतं.

रोहिणखेडच्या अंगणातला आपला रांजण आठवतो का? हिवाळ्यात तो हलवला की खालच्या ओल्या मातीत कोणीतरी सापडायचंच. ज्याचं घर उघडलं त्याचं आधी झाकायचं, मग आपलं काम, हा तुझा नेम. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग उपसतानाही तू तेच करायचीस आणि काकू तुला हसायच्या. मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्या दिवशी बेडूक निघाला, गार, डोळे मिटलेला. तू हातानं माती सारखी करून शेतात गेलीस, आणि मी तो परत उकरला. चुलीपाशी ठेवते. निखारे अजून लाल आहेत. किती तरी वेळ काही होत नाही, आणि मग त्याचा गळा हलतो. डोळे उघडतात. मी आनंदानं टाळ्या वाजवते आणि तू दारात उभी असतेस.

"काऊन उठवलं वं त्याले? आता हे खाईन काय? भायेर एक किडा तरी दिसते का तुले?" मारलं नाहीस. त्याला परत मातीत ठेवलंस आणि एवढंच म्हणालीस, "दम पुरवू पुरवू निजते ते जनावर. निजेल जिवाले निजू द्यावं." पाचव्या दिवशी तिथं मुंग्यांची रांग लागली. संध्याकाळपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि मला वाटलं, मार परवडला असता.

पुढं तू म्हातारी होऊन माझ्याकडे राहायला आलीस. डिसेंबरातली ती सकाळ. रोज माझ्याआधी उठून खाकरणारी तू अजून अंथरुणात होतीस, गोधडी डोक्यावरून. मी दुसरी गोधडी आणून वर घातली, दार लोटलं आणि शाळेत गेले. दुपारी आले तेव्हा तू तशीच होतीस. एक डोळा अर्धा उघडा, तोंड वाकडं. चार दिवस जगलीस, बोलली नाहीस. डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणलं असतं तर, आणि पुढचं गिळलं. मी सगळ्यांना सांगितलं, आईच म्हणायची, निजलेल्याला उठवू नये. मावशीनं मला कुशीत घेतलं. "तुह्याच मायची शिकवण ते. तू तरी काय करशीन?" सगळ्यांनी माना हलवल्या.

तेव्हापासून थंडी पडली की मी घरात कोणाला निजू देत नाही. पहाटे उठते आणि एकेकाच्या नाकापुढं हात धरते. एवढ्यानं भागत नाही, मग हलवते. तुझे जावई कातावतात, "जित्ता आहो ना बाई, निजू दे." मला त्यांचा आवाज ऐकायचा असतो, शिव्या दिल्या तरी चालतात. आणि कधी कधी त्यांच्या जागी गोधडीखाली तूच असतेस. मग मी हात मागं घेते.

हे पत्र पोरांच्या वह्यांखाली राहील, मग चुलीत जाईल. म्हणून लिहिते. त्या सकाळी गोधडी घालताना तू 'हं' केलंस. मी ऐकलं. उठवलं असतं तर तुझा चहा, तुझ्या गुडघ्यांचं तेल, तुझी गाऱ्हाणी, आणि मला उशीर. एक सकाळ घर शांत हवं होतं, आई, एवढंच. बेडूक, रांजण, तुझा नेम, काही म्हणता काही आठवलं नव्हतं. ते सगळं आठवलं दुपारी, तुला दवाखान्यात नेताना रिक्षात, लोकांना काय सांगायचं याचा विचार करताना.