दाराबाहेर बसायचं शिक्षण

शुक्रवार, १ डिसेंबर १९७८
उद्याच्या सभेतल्या भाषणाची सुरुवात सुचली. लगेच उतरवते:
"समाजकार्य विभागाच्या विद्यार्थ्यांनो, डॉक्टरला कुणी विचारत नाही, की रोग्याची कणव आहे ना, मग शिक्षण कशाला? आपल्याला मात्र घरापासून मंत्रालयापर्यंत सगळे विचारतात, माणुसकी शिकायला सरकारनं पैसे का द्यावेत?"
टाळ्या इथेच पडणार.
वस्त्यांत जाऊन काम करणाऱ्या आमच्या मुलांचा भत्ता आजवर एका ट्रस्टच्या देणगीतून निघाला. बसपास, खोलीचं भाडं, सगळं त्यातच. देणगी संपली. आता विद्यापीठाला शासनानं अनुदान दिलं तरच. अधिवेशनासाठी अख्खं सरकार नागपुरात उतरलंय, मुंबईच्या फेऱ्या नकोत. धरायचं तर आत्ताच.

शनिवार, २ डिसेंबर
सभा दणदणीत. घसा गेला. विभागप्रमुख (यापुढे वि. प्र.) म्हणाले, "मॅडम, जरा हळू. आपण शासनाकडे मागतोय." मी म्हटलं, मागत नाही सर, वसूल करतोय.
सगळे गेल्यावर शालू थांबली. मुलगी कुही गावची, दुसऱ्या वर्षाला. रेल्वेलाइनपलीकडच्या वस्तीत काम करते. "मॅडम, बाबा म्हणून राहिले, भत्ता नाही तं घरी ये. सेवाच करायची तं गावात कर, त्याले शहरात राहून शिकाचं काहून?" अधिवेशन संपलं की दुसऱ्या दिवशी तिला न्यायला येणार आहेत.
मंत्रालयाचाच प्रश्न, शालूच्या बाबांच्या तोंडी! माझ्याजवळ टाळ्यांचं वाक्य आहे. उत्तर कुठे आहे?

गुरुवार, ७ डिसेंबर
शिक्षणमंत्री येणार!! सोमवारी, शालूच्याच वस्तीत. आज आमदार निवासाच्या पायऱ्यांवर गाठलं त्यांना. "गरज दाखवा, अनुदानाचं बघतो," एवढंच बोलले. दाखवू की! सीताबर्डीच्या बाजारातून घरापर्यंत चालत आले. वाटेत मोठ्यानं भाषण करत होते बहुतेक. संत्रेवाला विचारत होता, "बाई, कोनाशी भांडून राहिल्या?"

सोमवार, ११ डिसेंबर
बुडालो.
वस्ती लग्नघरासारखी. सडा, रांगोळ्या, विहारासमोर पताका, नव्या नळाला झेंडूचा हार. नळ पाहून मंत्री खूश. गंगाबाईंना विचारलं (वस्तीतलं महिला मंडळ यांच्याच ओट्यावर भरतं), "नळ कुणी आणला, बाई?"
"आमी आनला साहेब. आमच्या हिमतीनं. कारपोरेशनात मी सोता बोलली."
हेच तर आम्ही शिकवतो! काम लोकांचं झालं पाहिजे, श्रेय आपण घ्यायचं नाही. शालू मागे उभी, चूप. शिकवल्याप्रमाणे.
मंत्री माझ्याकडे वळले. "बघा, लोक आपलं आपण करतात. मग तुमचे विद्यार्थी कशाला? आणि त्यांना सरकारी भत्ता कशाला?"
मी, जिला सभेत माइक सोडवत नाही, ती मी गप्प. शालूनं केलं म्हणावं, तर गंगाबाईंचं हिसकावून घ्यायचं. शिवाय ते खरंही नाही. आणि शालू नसती तर नळ आला नसता, हे मात्र खरं. या दोन्ही गोष्टी एका वाक्यात कशा…
परतताना वि. प्र. म्हणाले, "मुलांना जरा कमी चांगलं शिकवलं असतं तर." हसलो दोघंही. दुसरं काय करणार?

मंगळवार, १२ डिसेंबर
शालू वस्तीचा निरोप घ्यायला गेली, सोबत मी. गंगाबाई भडकल्या.
"चालली? अन् मले आता सांगून राहिली? अन् मॅडम, तुमी बी! साहेब समोर उभा होता तवा तुमच्या तोंडाले काय झालतं?"
मग चहा ठेवला. मग बोलत सुटल्या. "पयल्यांदा आली तं मी म्हटलं, आली वं आनखीन एक, जाईन फोटो काढून. हिनं मले कारपोरेशनात नेलं. दारापाशी म्हणते, काकू, तुमी जा आत. मी म्हटलं, शिकलीसवरली तू, तूच बोल ना वं! नाही म्हणे. बसली बाहेर बाकावर. साहेबानं मले हाकललं. बाहेर आली तं हे पोट्टी तिथंच. म्हणे, अजून एकदा जा. मी इतकी चिडली, का हिचा राग त्या साहेबावर काढला!"
शालू हसत होती, डोळ्यांत पाणी. "काकू, मले लय वाटत होतं आत यावं. बाकाले धरून बसली होती मी."
मिळालं!! उत्तर मिळालं! बोलायला काय, मीही बोलते. पण बोलता येत असून दाराबाहेर बसून राहणं, आत गेलेला माणूस हरून आला तरी त्याच्या जागी न जाणं, हे कणवेनं येत नाही. कणव तर आत ढकलते. हे शिकावंच लागतं. मला तरी कुठे अजून…

गुरुवार, १४ डिसेंबर
मंत्र्यांनी उद्या दुपारी वेळ दिली. अधिवेशनाचा शेवटचा दिवस. वि. प्र. नी विचारलं, शिष्टमंडळातर्फे बोलणार कोण? गंगाबाई, मी म्हटलं. "आणि तुम्ही?" बाहेर, बाकावर.
गंगाबाईंना विचारलं, मुद्दे सांगून ठेवू का? "काहून? शालूनं सांगतले होते काय?" मुद्द्यांचा कागद परत पर्समध्ये टाकला.
शनिवारी शालूचे बाबा सकाळच्या गाडीनं येतायत. ट्रंक भरून ठेवलीय तिनं, कुलूप मात्र लावलं नाही म्हणाली. मंत्री काय म्हणतील कोण जाणे. मला तर पहिल्या सभेआधीसारखं होतंय.
विभागाच्या फलकावर लावायचं, आत्ताच लिहिते:
"विद्यार्थ्यांनो, उद्या घोषणा नकोत. तुम्ही ज्या घरांत जाता, त्यांतलं एक माणूस मंत्र्यांच्या दारापर्यंत घेऊन या. आत त्याला जाऊ द्या. तुम्ही बाहेर बसा."