भूपाचा बाप कोण?

म्हैसूर, १२ जानेवारी २०२५

ती. आप्पांस,
दर्शनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

लग्नाला तीन वर्षं झाली आणि हे माझं सातवं पत्र. तुमचं एकही नाही. आईला फोन केला की तुम्ही मागे खोकता, तेवढाच तुमचा आवाज. तोही मी कान देऊन ऐकते.

इथे शेजारच्या बाईंकडे कर्नाटक संगीत शिकू लागलेय. त्यांच्यात बहात्तर जनक राग, बाकीचे सगळे त्यांची लेकरं, म्हणजे जन्य राग. तुम्ही भजनात पेटीवर वाजवता तो भूप इथे मोहनम्. त्याचा बाप हरिकांभोजी. आमची सानवी दीड वर्षाची झाली, तोच ऐकत झोपते.

शिमग्याला देवाची पालखी दारात आली की देवाला घातलेल्या गाऱ्हाण्यात घरच्या सगळ्यांची नावं घेतात, फक्त माझं नाही, असं आई म्हणाली. यंदा घ्याल? घेतलंत तरच आम्ही तिघं येऊ.

रागावलात तरी लोभ राहू द्या.

तुमची,
दर्शना

जयगड, २३ जानेवारी

चि. दर्शनास आशीर्वाद.

लिहिणार नव्हतो, पण गप्प बसवेना. आम्हाला न विचारता परमुलखात लग्न केलंस, ते गिळलं. आता भूपाचा बापही बदललास? अगो बाय, भूप कल्याणाचा! चाळीस वर्षं पेटी वाजवतोय मी, गोट्या नाही खेळलो. तुझ्या बाईंना सांग, दुसऱ्याचं पोर आपल्या नावावर लावू नये.

गाऱ्हाण्याचं बघू. तुझी आई हसतेय, कशाला ते देव जाणे.

आप्पा

म्हैसूर, ४ फेब्रुवारी

ती. आप्पांस, सा. न. वि. वि.

तुमचं अक्षर बघून आधी रडले, मग ओरडा वाचून हसले. बाई म्हणाल्या, वडिलांचंही खरं. कल्याणात मध्यम तीव्र आणि निषाद शुद्ध, हरिकांभोजीत मध्यम शुद्ध आणि निषाद कोमल. फरक तेवढाच. आणि भूपात नेमके हेच दोन सूर वर्ज्य! उरलेले पाच दोन्ही घरी सारखे. वाजवून बघा.

सासूबाई म्हणतात, सानवीचं नाक त्यांच्या घरचं. असेल. पण ती रुसली की मला तुम्हीच दिसता. आप्पा, मला घरची फार आठवण येते हो. पडवीत बसून तुमची पेटी ऐकायचीय.

उत्तराच्या आशेवर,
दर्शना

जयगड, १९ मार्च

चि. दर्शना व चि. सानवीस आशीर्वाद, मंजुनाथरावांस नमस्कार.

तुझं पत्र समोर ठेवून पेटी काढली. आधी कल्याण वाजवला, मग तुझा हरिकांभोजी. तो तर आमचा खमाजच गो! मग दोन्हींतले ते दोन सूर गाळले. फरक लागेना. तुझी आई म्हणाली, आता तरी हार माना. मानली नाही, पण पेटीही मिटली नाही.

काल पालखी आली. गुरवाने नावं विचारली. सगळ्यांची सांगितली, मग तुझं सांगितलं, जावयांचं सांगितलं. सानवीचं सांगायला तुझ्या आईला पुढे केलं. तीन वर्षं तुझं नाव वर्ज्य केलं. चुकलो.

आता पोरीला घेऊन या. रुसली की कशी दिसते ते मला बघायचंय. नाक त्यांचं असलं तरी चालेल.

वाट बघतोय,
तुझा आप्पा