बिनमिरचीचं भरीत

३ डिसेंबर, बुधवार

आज सकाळी माझ्या चहातून दुधाला हद्दपार करण्यात आलं. नोटीस नाही, सुनावणी नाही. भाची मितालीने जळगावहून फोनवर निकाल दिला: चहातले फ्लॅव्होनॉइड दुधाला चिकटून बसतात, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी काळा चहा घ्यायचा. 'सगळे' म्हणजे मी आणि माझी थोरली बहीण, आक्का. आक्काला सध्या चहाच नको असतो. म्हणजे शिक्षा एकट्या मला. गावातल्या लहानसहान अन्यायांवर मी दर आठवड्याला पेपरात सदर लिहितो, पण यावर लिहिता येणार नाही. आरोपी घरची.

प्यायलो. चव ओल्या पुठ्ठ्याची. आक्काचे यजमान, भावजी, जन्मभर कागद मिलमध्ये होते, त्यांना कदाचित आवडला असता.

५ डिसें., शुक्र.

आक्काचा दुसरा केमो झाल्यापासून ती नेपानगरचं घर बंद करून माझ्याकडे आहे. तोंडात गंज चढल्यासारखं लागतं म्हणते. दोन घास, की ताट पुढे सरकलंच. इंदूरचे डॉ. सरळ बोलले होते: वजन आणखी उतरलं तर बावीस तारखेचा डोस पुढे ढकलावा लागेल, आणि ढकललेला बरा नाही.

म्हणजे आता सगळं ताटावर आलं. आणि ताट वाढणार कोण, तर मी. लग्न न केलेला, वरणाला तीन शिट्ट्या की चार हे अजून विचारून घेणारा.

आक्काचं यावर म्हणणं: "बाळ्या, मी आजाराने नाही जायची. तुझ्या वरणाने जाईन."

६ डिसें.

मिताली आक्काची मुलगी, आहारतज्ज्ञ. नोकरी नवी, सुट्टी नाही, म्हणून रोज रात्री फोनवर शाळा घेते. आज फ्लॅव्होनॉइड म्हणजे काय हे समजून घेतलं. माझ्या भाषेत टिपून ठेवतो.

श्वास, पचन, औषधं, धूर, जळकं अन्न, यांतून शरीरात काही अर्धवट कण तयार होतात. एक इलेक्ट्रॉन कमी पडलेले. तो मिळवायला दिसेल त्या पेशीला ओरबाडतात. थोडक्यात, नगरपालिकेचं तिकीट कापलं गेलेले उमेदवार. फ्लॅव्होनॉइड हा असा गृहस्थ, की तो आपलं तिकीट अशा एखाद्याला देऊन टाकतो आणि वर बंडखोरीही करत नाही. घरी जाऊन शांत बसतो. शिवाय यकृतात जे सफाई खातं आहे, त्याला जागं करून कामाला लावतो. झाडं हे सगळं स्वतःला ऊन लागू नये म्हणून बनवतात. कांदा, पात, वांग्याची साल, चहा, कोथिंबीर. आपल्याला ते फुकट मिळतं.

असा माणूस आपल्या गावात अजून भेटलेला नाही. कांद्यात आहे म्हणतात. कांद्याचे आभार.

"पण मामा, हे औषध नाहीये हं. बरंचसं अजून काचेच्या भांड्यात आणि उंदरांवर बघितलंय. खाण्यातून जेवढं जाईल तेवढं जाऊ द्यायचं. बस."

८ डिसें., सोम.

एक जुना ओळखीचा माणूस डबा घेऊन आला. त्यात म्हणे शंभर कांद्यांचा अर्क एका गोळीत. हा गृहस्थ पूर्वी विमा विकायचा, मग भूखंड, आता अर्क. मला मोह झाला. खरंच झाला. शंभर कांदे न चिरता...

मितालीने फोनवरच हाणून पाडलं. डोस चालू असताना असल्या दाट गोळ्या औषधाच्याच कामात आड येऊ शकतात, डॉ.ना विचारल्याशिवाय एकही नाही. डॉ.ना विचारलं. ते 'नाही' म्हणाले, तेही एका शब्दात. डबा परत. विमावाला दुखावला. मितालीचे आभार, तिला मात्र कळवलेलं नाही. डोक्यावर बसेल.

११ डिसें., गुरु.

वजन पुन्हा उतरलं.

माझी चूक काय ते आत्ता कळतंय. मितालीने मागे कधी 'जळकं टाळा' म्हटलं होतं. मी ते कायदा म्हणून लागू केलं. भाकरीवरचे डाग खरवडले. फोडणी बंद. पापड उकडला. (उकडलेला पापड काय दिसतो ते लिहिण्याची ताकद माझ्या लेखणीत नाही.) सगळं पांढरं, मऊ, निर्दोष. दवाखान्याच्या चादरीसारखं. आक्का त्याकडे बघते आणि भिंतीकडे तोंड करते.

आज टोमणासुद्धा मारला नाही. त्याने जास्त घाबरलो.

१२ डिसें.

आक्का दुपारी आपणहून म्हणाली, भरीत खाईन.

डिसेंबरात आमच्याकडे भरीत म्हणजे सणच. पण भरीत म्हणजे जळकं! दुसरीकडे मितालीच्या यादीत 'जांभळं वांगं, सालीसकट'. दोन्ही सांभाळायला मी डोकं चालवलं. शनवाऱ्याच्या बाजारातून चकचकीत जांभळी वांगी आणली, कुकरला लावली, सालीसकट घोटली. वर तेल नाही, मिरची नाही. तिच्या तोंडात फोड आहेत, मिरची चालत नाही.

आक्काने चमच्याने जरा हलवून बघितलं.

"कोणाचं प्रेत हे?"

ताट तसंच टाकायला खाली नेलं. खालच्या मजल्यावरच्या कमलवहिनी जिन्यात भेटल्या. त्यांचं शेत चांदनीला, केळी आणि कापूस. ताटात वाकून बघितलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, हे काय करून राहिले तुम्ही? जांभळ्याचं कधी भरीत असतं का? आणि ते बी कुकरात?"

सांगितलं सगळं. इलेक्ट्रॉनपासून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुमचे विलेक्ट्रॉन रविवारी बघू.

१३ डिसें.

मितालीला विचारायचं धाडस केलं. ती अर्धा मिनिट हसत होती. "मामा, तुम्ही तो हदच केली यार. पापड उकडला?"

मग नीट सांगितलं. रोज जळकं नको, एवढाच अर्थ होता. एखाद्या दिवशीचं भरीत चालेल; काळी साल नीट काढायची, कोळशाचा कण राहू द्यायचा नाही. भरताच्या हिरव्या वांग्याच्या सालीत तसंही जांभळा रंग नाही, त्याचं दुःख करू नका. पात भरपूर घाला, लसूण, कोथिंबीर. भाजण्याने जे वाईट तयार होतं त्याला हीच मंडळी आवर घालतात म्हणतात. पण कच्चं काही नाही. आईच्या अंगात सध्या जंतूंशी भांडायची ताकद नाही, तेव्हा सगळं धुऊन, फोडणीत शिजवून.

म्हणजे आमच्या लोकांनी भरतात एवढी पात उगाच घातलेली नाही. किंवा उगाचच घातली असेल, चांगली लागते म्हणून. दोन्हीपैकी काहीही असो, त्यांचे आभार.

शेवटी एवढंच म्हणाली, "आईने खाल्लं तर मला रात्री कितीही वाजता फोन करा."

१४ डिसें., रवि.

सकाळी वहिनींच्या मुलाने स्कूटरवरून कपाशीच्या काड्यांचा भारा आणला आणि हिरवी, पांढुरक्या झाकेची भली मोठी वांगी. अंगणात जाळ. वहिनी उकिडव्या बसून वांगी फिरवत होत्या, सबंध सकाळ. मी काड्या पुरवायचं काम केलं, त्यातही बोलणी खाल्ली.

काड्यांचा धूर जिन्यातून वर गेला. थोड्या वेळाने वर खुर्ची सरकल्याचा आवाज. आक्का गॅलरीत. डोक्याला स्कार्फ, कठड्याला धरून. मी म्हटलं, आक्का, धुरात नको, आत जा. तिने माझं ऐकलं असतं तर ती आक्का कसली. थोडी मागे सरकली आणि तिथून हुकूम सुरू: ते वांगं कच्चं आहे. त्याला आधी टोचलं का? बाळ्या, फुंकू नको, राख उडते. वहिनी वर न बघता, "हो आक्का, हो आक्का."

सोलणं मी केलं. काळं कणभर राहू दिलं नाही. बोटं भाजली. वहिनींनी बडगीत, म्हणजे लाकडी कुंडीत, ठेचलं, तेलात लसूण, शेंगदाणे, मग पात. एवढी पात, की कढईत दुसरं काही दिसेना. मिरची नाही. मिरचीविना भरीत करताना वहिनींचा चेहरा बघण्यासारखा होता. हे कोणाला सांगू नका म्हणाल्या.

आक्काने कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी कुस्करली. भरीत घेतलं. एक घास. बराच वेळ चघळत बसली. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत, निकाल लागायच्या आधी फलकाकडे बघतात तसे.

"मीठ कमी आहे."

किती दिवसांत तिला कशाची चव लागली नव्हती. गंजाशिवाय.

वहिनींनी मला मीठ आणायला पाठवलं. मी स्वयंपाकघरात गेलो, तिथे थोडा वेळ उभा राहिलो आणि मीठ न घेताच परत आलो. आक्का म्हणाली, एक काम सांगितलं होतं. त्यावर वहिनी उठल्या.

अर्धी भाकरी खाल्ली. परत थोडं मागून घेतलं.

मितालीला फोन केला. तिने दोनदा विचारलं, अर्धी म्हणजे नक्की किती.

१६ डिसें.

श्रेय कोणाचं, यावर विचार. मितालीच्या मते डोसनंतर दोन-तीन आठवड्यांनी चव थोडी परतते, ते दिवस आलेच होते. वहिनी म्हणतात, काड्यांचा जाळ. आक्का म्हणते, तुझं वरण बंद झालं म्हणून. मी पातीच्या बाजूने आहे, पण पुरावा नाही. सगळ्यांचे आभार मानून मोकळा होतो.

काल आणि आज दोन्ही वेळा जेवली. पातीचं पिठलं, कांदा घालून वरण. फोडणी पुन्हा सुरू. दुधाबद्दलही मिताली नरमली, ते म्हणे अजून तितकंसं पक्कं नाही. आजचा चहा दुधाचा. बंधमुक्त झाल्यासारखं वाटलं.

१७ डिसें.

आज कळलं ते आक्काकडून, तिने गॅलरीतून बघितलं होतं. रविवारी नळ आला तेव्हा वहिनी वांगी फिरवत होत्या. मुलगा स्कूटर लावून शेतावर निघून गेलेला. उठल्या नाहीत. आमच्याकडे एका दिवसाआड पाणी, तेही थोडा वेळ. आमची टाकी आपोआप भरते. त्यांच्याकडे ड्रम, हाताने भरायचे. सोमवारभर त्यांनी कोपऱ्यावरच्या हापशावरून पाणी ओढलं. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, कोणी सांगितलं तुम्हाला, आणि विषय केळीच्या भावावर नेला.

२२ डिसें., सोम., इंदूर

वजन थांबलं. डॉ. काट्याकडे दोनदा बघून म्हणाले, चालेल. डोस दिला. आक्का त्यांना म्हणाली, डॉक्टर, इथलं जेवण बघितलं, याला पात घालत जा. ते हसले. पुढचं स्कॅन जानेवारीत, त्यात काय ते दिसेल. विचारणार होतो, काय दिसेल. नाही विचारलं.

२४ डिसें.

परत घरी. गंज पुन्हा चढला. सकाळपासून दोन घोट पाणी, आणि चेहरा भिंतीकडे. हे होणार हे माहीत होतं, तरी. मिताली शनिवारी येते आहे. पात धुऊन, चिरून ठेवली. आज नाही खाल्ली, उद्या विचारीन.

दुपारी नळ आला. कमलवहिनी शेतावर होत्या. खाली गेलो, त्यांचे दोन्ही ड्रम आणि बाहेरची कळशी भरली, झाकणं लावली. अंगणात सांडलेलं पाणी झाडून काढलं आणि वर आलो.

आक्का जागी होती. कुठे होतास विचारलं. कुठे नाही, म्हटलं.