परिचयातून गाळलेली हार

३ जून
सगळं फिरलं ते आज, बुकित तिमाहच्या बसस्टॉपवर. ऋता म्हणाली, "ऑगस्टपासून अमेरिका. लॉ करतेय." हिच्यासाठी पुण्याचं कॉलेज अर्धवट टाकून इथे परदेशात, आईबाबांच्या घरी आलो, आणि ही निघाली! ओरडलो. लोक वळून बघायला लागले. ती शांतपणे, "तू ऐकतोस कधी रे?" बस आली, गेली.

७ जून
फोन उचलत नाही. बाबा जहाजावर, आई ऑफिसात. सेरंगूनचा हा फ्लॅट दिवसभर माझा एकट्याचा. आता फ्रीजशी बोलायचं तेवढं बाकी...

१२ जून
इथल्या मराठी मंडळाचे गोखलेकाका आले होते. ऋताचे चुलते येतायत. मूळ सांगलीचे. अमेरिकेत वकील, घराबाहेर काढलेल्या भाडेकरूंच्या केसेस लढायचे. आता तिथल्या राज्याच्या विधानसभेत निवडून आलेत. सत्कार ठरलाय. "परिचय तू लिही. मराठी बरं आहे तुझं. आणि रिकामाच असतोस." वर हे! तरी हो म्हटलं. ऋता समोर बसणार.

१५ जून
चुलते पहिल्या निवडणुकीत पडले होते. तेही लिहिलं. गो.काकांनी खोडलं. "शाल घालताना कुणाची हार सांगतात का, गाढवा?" गाळलं.

२० जून
सत्कार. मी वाचलं. ऋताची नजर मोबाइलवर. चुलते शाल सावरत उठले. "परिचय छान. पण मी पडलो होतो, ते कुठे गेलं?" हशा. गो.काका श्रीफळाकडे बघत बसले.
मग चुलते म्हणाले, त्या निकालानंतर पुन्हा घरोघर गेलो. ज्यांनी तोंडावर दार लावलं, त्यांच्याकडे आधी. "मागायला काहीच उरलं नव्हतं. म्हणून लोक काय बोलतात ते पहिल्यांदा ऐकू आलं."
ऋताने मान वर केली. माझ्याकडे नाही.
बटाटेवड्याच्या रांगेत चुलते मला, "भांडखोर दिसतोस. वकील हो." मागून ऋता, "आधी कॉलेज संपव म्हणावं." बोलली माझ्याबद्दल. पण त्यांच्याशी.

२२ जून
चपला घालून उभ्यानेच लिहितोय. ऋताकडे जातो. थांब म्हणायला नाही. ती काय म्हणते ते ऐकायला. तिच्या काँडो-सोसायटीच्या गार्डने खालीच अडवलं तर? तिने वरून 'नको' सांगितलं तर?
आई विचारतेय, "जेवायला आहेस का?"
माहीत नाही.
निघालो. दार लावून घेतो, न आपटता.