सासूबाईंना शोधून आणणारा बिनमालकाचा निरोप

प्रिय अजयभाऊ यांस,
चामोर्शीहून तुमचे जवाई खुशाल यांचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींना विचारलं म्हणून सांगा. आई (म्हणजे तुमच्या, माझ्या सासूबाई) धडधाकट आहेत, हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना जीव घाबरणार नाही.

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत आई हरवल्या. (मी जिलेबी घेत होतो, तेवढ्यात.) आधी मी फोनवरच्या त्या नेहमीच्या मोठ्या कंपनीच्या ॲपवर, आपल्या गटात लिहिलं. पण तिथला प्रत्येक शब्द दूरच्या एकाच मालकाच्या मशीनमधून फिरून येते, अन् गर्दीनं टॉवर पार बसलेला. मग तुम्ही आमच्या दुकानात लावून दिलेला निरोपांचा सर्व्हर आठवला. तो आपल्या मालकीचा, मोहर्ली गावच्या लोकांचा त्यांच्या मालकीचा, अन् दोघांत सोयऱ्यासारखं जाणंयेणं. पण तिथवर पोचायलाही टॉवरच लागते, अन् (रागावू नका) दुकानात आमच्या लेकीनं, माधवीनं, सर्व्हरची पिन काढून इस्त्री लावली होती, हे नंतर कळलं.

मी रडकुंडीला आलो. तेव्हा तुमची बहीण म्हणाली, "अजयनं दिवाळीत भजनी मंडळाच्या साऱ्या फोनात ते तिसरं ॲप टाकून देल्लं, ते काऊन नाई पाहत?" त्याला टॉवर लागत नाही, मालकही नाही, जवळच्या फोनातून जवळच्या फोनात निरोप जाते अन् प्रत्येकाजवळ राहते. (तुम्ही समजावलं तेव्हा मी नुसती मान हलवली होती.) माझा निरोप मंडळातल्या पेटीवाल्या गुणवंतरावांच्या फोनात शिरला, ते नदीकडे निघाले तर तोही निघाला, अन् वैनगंगेच्या रेतीवर मंडळातल्याच रीताबाईंच्या फोनात पोचला. त्यांच्या बाजूलाच आई टरबुजाचा भाव करून राह्यल्या होत्या! रीताबाईंचं उत्तर त्याच वाटेनं परत आलं; मी धावत गेलो, तर आई मलाच म्हणाल्या, "कुठी गेले होते जवाईबुवा? केव्हाची शोधून राह्यली तुमाले."

भाऊ, तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही.
तुमचा,
खुशाल

ता. क. : निरोपात घाईनं लिहिलं होतं, "हिरवं लुगडं, ऐकू कमी येते, बोलणं थांबत नाही, जावयाबद्दल सांगतील ते खरं मानू नये." आता ते सगळ्या मंडळाजवळ आहे. कंपनी असती तर अर्ज केला असता, सर्व्हर असता तर मीच पुसलं असतं. इथं सांगायचं कोणाले? तुम्ही येऊन काहीतरी करा.

ता. ता. क. : आताच आईंनी रीताबाईंच्या हातून सगळ्यांना उत्तर धाडलं : "मी नाई हरवली. जवाई हरवला होता. सापडला तं लेकरावानी रडून राह्यला होता. जवाई सोन्यासारखा आहे." भाऊ, काहीच पुसू नका.