डाव्या बाजूची बुचं

लार्ग्ज बे, ॲडलेड,
बुधवार, ८ एप्रिल

प्रिय बाबा,

गाडी शनिवारी पोचली आणि स्टिअरिंगला चिकटपट्टीने लावलेली तुझी चिठ्ठीही मिळाली. "थोडासा वरवरचा गंज आहे. दोन ठिगळं मार, सांगाडा मजबूत आहे असं जुन्या गाड्यांच्या क्लबसाठी लिहून सही कर आणि वीस तारखेच्या आत परत पाठव. मग मी आईकडे निघतो." कॅलेंडरच्या मार्च महिन्याच्या पाठीमागे लिहिलेली ही तीन वाक्यं. चौदा वर्षांत तू मला लिहिलेलं हे सगळ्यांत लांब पत्र आहे आणि त्याचं पहिलंच वाक्य खोटं आहे. तुझ्या स्ट्रीकी बेपासून एस्परन्स दीड हजार किलोमीटर, मधे नलारबॉरचं मैदान, आणि त्या टोकाला मावशीच्या घरी आई, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून पडलेली. ती घर सोडून गेल्यापासून पहिल्यांदाच तू तिच्याकडे जायचं म्हणतोयस, आणि ते माझ्या सहीवाचून अडलंय असं तुझं म्हणणं.

माझ्या सहीबद्दल आधी सांगते. मी जहाजांच्या सांध्यांची तपासणी करते. एखाद्या सांध्यात तांदळाच्या दाण्याएवढी पोकळी सापडली तरी मी तो तोडून परत करायला लावते, आणि वीस-वीस वर्षं काम केलेले वेल्डर मला शिव्या देत तो परत करतात. त्याच हाताने मी तुझ्या या जुन्या होल्डन गाडीला कागद लिहून द्यावा, कारण ती तुझी आहे. तुझ्या मित्राने, स्टॅनकाकाने, तर आपल्या कालवांच्या ट्रकवरून गाडी उतरवता उतरवताच मला समजावलं. "बापाची गाडी आहे पोरी, दोन टाके घाल आणि सोडून दे. शिकलेली माणसं उगाच गंजाला घाबरतात." मी त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला आणि डाव्या दारांखालच्या पोलादी पेटीवर टेकव म्हटलं. ढकलू नकोस, नुसता टेकव. तो मुठीपर्यंत आत गेला. काका तो उपसून त्याचं टोक तपासत म्हणाला, "हा जरा जास्तच टोकदार आहे." तुझ्या सगळ्या मित्रांची अक्कल या एका वाक्यात आली. ट्रकमधली कालवं तरी त्याने बर्फात नीट ठेवली होती, हे नशीब.

वरून गाडी देखणी आहे, हे मान्य. फिकट हिरवा रंग, पांढरं छप्पर, क्रोमच्या पट्टीत तोंड दिसेल अशी चकाकी. क्लबने तुला तीनदा कप दिला तो याच चकाकीसाठी. परीक्षक उभ्याने गाडी बघत होते, वाकून कुणीच बघितली नाही. मी छोट्या हातोडीने पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत ठोकत गेले. पत्रा वाजतो, पुट्टी वाजत नाही, हे तूच मला आठव्या वर्षी शिकवलंस, पावसाच्या पाण्याच्या टाकीवर बसवून, हातात चमचा देऊन. डाव्या पेटीवर सव्वा मीटर लांबीत एकदाही आवाज आला नाही. पुट्टी सगळ्यांत जाड जिथे होती तिथे बावीस मिलिमीटर भरली. तिथला मूळ पत्रा सव्वा मिलिमीटरचासुद्धा नव्हता. म्हणजे तू गाडी दुरुस्त केली नव्हतीस, गाडीचा पुतळा केला होतास. या गाडीला वेगळी चौकट नाही, दारांखालच्या दोन पेट्या आणि तळ मिळूनच तिचा सांगाडा होतो, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. अशी एक बाजू घेऊन तू ट्रकांच्या शेजारून ताशी शंभरने जाणार होतास. आणि मी विचारलं असतं तर म्हणाला असतास, "जाईल गं चालून." होडी पाण्यात सोडताना मागची चाकं समुद्रात बुडवायचास तेव्हाही हेच म्हणायचास. मग घरी येऊन पाण्याची नळी घ्यायचास आणि फक्त छप्पर धुवायचास.

कापायला घेतल्यावर धूर झाला. तू आतमध्ये माशाचं तेल फवारून ठेवलं होतंस, गंज धरू नये म्हणून, आणि ग्राइंडरच्या ठिणग्यांनी ते जळायला लागलं. शेजारचे थानासिस कुंपणावरून डोकावले. ते चाळीस वर्षं बॉयलर जोडत होते, आता टोमॅटो लावतात. "काय तळतेयस?" म्हणाले. "मुलेट मासा?" मी म्हटलं, "बापाचे उद्योग." त्यांनी चष्मा लावून पेटीत पाहिलं आणि म्हणाले, "हे वेल्डरचं काम नाही बाई, हे दातांच्या डॉक्टरचं काम आहे. मुळापासून उपटायला लागेल." मग तुझ्याबद्दल विचारलं, "तो कामाला कच्चा आहे का?" मला नाही म्हणावं लागलं. तू कच्चा नाहीस. कच्च्या माणसाने हे केलं असतं तर मी त्याला माफ केलं असतं.

पुट्टीला आधार म्हणून तू आत वर्तमानपत्र कोंबलं होतंस, त्यावर खिडकीला लावतात ती डासांची जाळी, त्यावर फुगून घट्ट होणारा फेस. माशाचं तेल प्याल्यामुळे वर्तमानपत्र शाबूत राहिलं होतं. मी ते टाकणारच होते, पण तारखेकडे लक्ष गेलं. चौदा वर्षांपूर्वीचा जून, दुसरा आठवडा. आई मे महिन्यात गेली होती. मला तो जून आठवतो. तू संध्याकाळी शेडमध्ये असायचास, मी शाळेतून आले की टोस्टवर बीन्स ओतून खायचे आणि मला वाटायचं, बायको गेल्याचं या माणसाला काही नाही, याला पॉलिश महत्त्वाचं. तेव्हा पंधरा वर्षांची होते, आणि खरं सांगायचं तर एकोणतिसाव्या वर्षापर्यंत माझं मत बदललं नव्हतं. आता कळतं की तू गाडी प्रवासासाठी तयार करत होतास. तेव्हाही तू तिच्याकडे निघणारच होतास. आधी गाडी नीट व्हायला हवी होती, एवढंच. मग रंग, मग क्रोम, मग क्लबचा कप. याने तुझ्याबद्दलचं माझं मत सुधारलं असं समजू नकोस. काही न वाटणारा माणूस मला समजला असता. वाटूनही चौदा वर्षं पुट्टी घासत बसलेला माणूस कसा समजून घ्यायचा, ते मला शिकवलेलं नाही.

मग बुचं सापडली. पेटीच्या तळाला पाणी वाहून जायला कारखान्यातच भोकं ठेवलेली असतात. डाव्या बाजूची पाचही भोकं बंद होती. वाइनच्या बाटल्यांची बुचं, चाकूने गोल तासून मापाची केलेली, वरून डांबर. इतकं नेटकं काम की मला ती काढायला अर्धा तास लागला. आधी मी तुला मनातल्या मनात मूर्ख म्हटलं, कारण पाणी वरून काचेच्या रबरातून शिरतंच, ते जायची वाट बंद केली की पेटीचा हौद होतो आणि पत्रा आतून संपतो. गंजाचं मूळ तिथे होतं, समुद्रात नाही. मग उजवीकडे पाहिलं, तर तिथे एकही बूच नव्हतं. फक्त डाव्या बाजूला. आईच्या बाजूला. पोर्ट ऑगस्टाच्या डॉक्टरकडे जाताना त्या कच्च्या रस्त्याची लाल धूळ खालून यायची आणि ती ओला रुमाल तोंडावर धरून बसायची. एकदा तिने म्हटलं होतं, "आज खोकला कमी आला." तू म्हणालास, "वारा पडलाय." मी मागे बसले होते, मला दोन्ही वाक्यं लख्ख आठवतात. वारा पडला नव्हता. तू बुचं बसवली होतीस आणि तुला ते सांगता आलं नाही. मी बुचं एका डबीत ठेवली आहेत. त्यांचं काय करायचं ते तू ठरव.

रविवारी फोनवर मी तुला विमानाने जा म्हटलं, तर तू म्हणालास, "विमानाने जाऊन तिथे काय हात हलवत उभा राहू? गाडी नेली की निदान तिला किनाऱ्यावरून फिरवून आणता येईल." बाबा, तिला पलंगावरून खिडकीपाशी जाता येत नाही. हे मी तुला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा तू टायरच्या हवेबद्दल विचारलंस. आई तुझ्याहून शहाणी असेल असं वाटून तिला विचारलं, तर ती म्हणाली, "त्याला म्हणावं घाई नको. गाडी नीट होऊ दे, मगच निघ." धापा टाकत, एकेक शब्द मोजून. तुम्ही दोघं एकमेकांशी इतक्या अदबीने वागता की मला दोघांचाही संताप येतो. सोमवारी डॉक्टर येऊन गेले. आतापर्यंत ते आठवड्यांत बोलत होते. या वेळी मावशीला म्हणाले, आता दिवसांत मोजा.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. फोनवर सांगितलं असतं तर तू "जाईल चालून" म्हणून दुसरं काहीतरी बोलायला लागला असतास. उजवी बाजू चांगली होती. मी सगळीकडे मापं घेतली, बासष्ट वर्षांत पत्रा जेमतेम एक दशांश झिजला होता. डाव्या बाजूची नवी पेटी मी वाकवून तयार केली होती, आणि कामावरून रजा काढली असती तर वीस तारखेपर्यंत गाडी रस्त्यावर आली असती, माझी सहीसुद्धा खरी ठरली असती. काल दुपारी मी दारांच्या चौकटींत आधाराला लोखंडी नळ्या जोडून घेतल्या, कारण गाडीची कंबर मोडणं मला जमलं नसतं, आणि उजवी पेटीही कापली. पुढच्या खांबापासून मागच्या चाकापर्यंत, चांगला पत्रा. मग सीटखालचा तळही काढला. आता ती निदान चार महिने कुठेही जाणार नाही. सोबत विमानाचं तिकीट आहे, शुक्रवारी सकाळी सेडुनाहून ॲडलेडला. स्टॅनकाका आज दुपारी परत निघतोय, हे पाकीट त्याच्याकडे देते, आणि शुक्रवारी तोच तुला सेडुनाला सोडेल. त्याला कारण सांगितलेलं नाही, फक्त वेळ सांगितली आहे. ॲडलेडला मी विमानतळावर असेन, तिथून पर्थ आणि एस्परन्स दोघं बरोबर. माझ्यावर चिडायचं असेल तर पर्थपर्यंत तीन तास आहेत, तेव्हा चीड. आईला आज सकाळी सांगितलं की तू येतोयस. तिने विचारलं, "कशाने?" मी म्हटलं, विमानाने. नळीतल्या हवेची फुसफुस ऐकू आली. मग म्हणाली, "मग खरंच येतोय."

तुझीच,
ब्रायोनी